हळद पुसल्यावर

शेंदूरजनाघाटला देवमन संत्री निवडायचा. ढिगातून फळ उचललं, अंगठ्यानं दाबलं, की ते कलकत्त्यापर्यंत टिकेल की बडनेऱ्यालाच मान टाकेल, हे तो सांगायचा. फळं उलटून बोलत नाहीत, त्यामुळे त्याचा लौकिक शाबूत होता. त्याची अट एकच, माल उजेडात बघायचा. कंदिलापाशी संत्रं घेईल तो गाढव, असं त्याचं मत. मालक ओमप्रकाश शेठ कंदिलापाशीच घ्यायचे, म्हणून ते मत तो मनातच ठेवी.

एकसष्ट साली त्याला मुलगा झाला. देवमननं दारातूनच पाहिला. लालबुंद, चिडलेला, नव्यानं बदलून आलेल्या फौजदारासारखा. मग दार लागलं. खिडकीच्या फटींत चिंध्या बसल्या, आणि त्याची माय दुर्गाबाई नातवाला दोन्ही वेळ हळद-तेल चोळू लागली. सुनेचं, भागीरथाचं, पहिलं घट्ट दूध 'जड' म्हणून पिळून टाकलं. पोराला गुळाचं पाणी. पिढ्यान्‌पिढ्या हीच रीत होती, आणि जे जगले ते सगळे तिची साक्ष द्यायला हजर होते.

चौथ्या दिवशी सकाळी देवमन बाजेवर वाकला.

"माय, पोरगं पिवळं दिसून राहिलं."

"हळद चोळली त पिवळं नाही त काय निळं दिसन?"

"अन् डोये? डोयाले बी हळद लावतं काय तू?"

दुर्गाबाईनं हळदीची वाटी बाजेखाली सरकवली. भागीरथा हळूच म्हणाली, "कालपासून उठूनच नाही राहिला जी. पाजाले घेतलं का झोपते."

"बाहेर आन त्याले."

"बाराव्या दिसापर्यंत लेकराले उजेड नसते दाखवत!"

"दोन पैशाचं संत्रं मी अंधारात घेत नाही, माय. हे त आपलं पोरगं हाय."

अंगणात त्यानं ओल्या फडक्यानं हळद पुसली. फडकं पिवळं झालं, पोरगंही पिवळंच राहिलं. कपाळ दाबलं, छाती दाबली, मांडी दाबली. अंगठ्याखाली सगळीकडे पिवळं. गुडघ्याखाली मात्र गुलाबी. देवमननं सगळं पुन्हा एकदा दाबून पाहिलं. संत्र्याला त्यानं दुसऱ्यांदा कधी दाबलं नव्हतं.

संत्र्यांचा ट्रक अमरावतीला निघालाच होता. चौघं त्यातच बसली. दुर्गाबाई वाटभर इतके नवस बोलली, की ड्रायव्हरसुद्धा घाबरला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोराला खिडकीशी नेलं. "पहिल्या दिवशी पिवळा होता का? नीट आठवून सांगा. तसं असेल तर रक्तातच बिघाड असतो."

"नाही जी. लाल होता. हळद लागायच्या आंधी पाह्यला मी."

"नक्की?"

"बाई, रंग पाहाचीच मजुरी भेटते मले."

बाईंनी तपासायला रक्त घेतलं. "तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ मुलं पिवळी होतात. दूध पोटात गेलं की शी-मुतावाटे ती कावीळ निघून जाते. हा उपाशी राहिला, म्हणून साठली. दर दोन तासांनी उठवून आईचं दूध पाजा. कावीळ डोक्याकडून पायांकडे उतरते. तळपाय पिवळे झाले, किंवा हा उठलाच नाही, तर रक्त बदलावं लागेल."

दुर्गाबाईनं पदर डोळ्यांना लावला. "म्हंजे म्याच..."

"माझ्या आजीनं मलाही गुळाचं पाणीच पाजलं होतं," बाई म्हणाल्या. "रडणं नंतर. याला उठवायचं काम तुमचं."

दुर्गाबाईनं काम अंगावर घेतलं. तळपाय खाजवले, कान चोळले, त्याच्या आज्याच्या नावानं धमक्या दिल्या. पहिल्यांदा पोरानं डोळासुद्धा उघडला नाही. दुसऱ्यांदा दोन घोट ओढले आणि मान टाकली. देवमन दर वेळी तळपाय उजेडाकडे धरून बघायचा आणि हळूच खाली ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळपाय गुलाबीच होते. दुर्गाबाईनं खाजवले, आणि पोरानं असा टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली.

"अवं, झोपलेल्या लेकराले काहून छळता?"

"चूप राय! माहा नातू हाय, म्या छळीन!"

भागीरथानं त्याला पाजलं. या वेळी तो ओढतच राहिला. मग दुर्गाबाईनं मांडीवर घेतला, आणि त्यानं तिचं लुगडं गुडघ्यापासून काठापर्यंत भिजवलं. भागीरथा फडकं घेऊन धावली.

"हात नको लावू," दुर्गाबाई म्हणाली, आणि डॉक्टरीणबाई येईपर्यंत तशीच ओली बसून राहिली, पुरावा वाळू नये म्हणून.