फलाटाची कड

पूर्णेहून परभणीकडे जाणाऱ्या मार्गावर वडटाकळीचा थांबा होता. थांबा म्हणजे एक पाटी आणि एक कंदील, बस्स. फलाट नव्हता, गाडीच्या पायरीवरून खाली खडीवर उडी टाकावी लागे. १९३६ साली अशाच उडीत सटवाजी गवंड्याची बायको तानुबाई पडली आणि तिच्या मांडीचे हाड मोडले. तेव्हापासून ती काठी टेकत चाले. माहेर राणीसावरगावला, पण त्यानंतर ती गाडीत चढली नाही.

दोन वर्षांनी रेल्वेचे उर्दूतले पत्र आले. गावाने दगडी फलाट बांधावा. तपासणीत मापात बसला तर थांबा कायम, नाही तर बंद. शाळेच्या दिनकरराव मास्तरांनी पत्र वाचले आणि दीड फुटाला एक हात धरून फुटांचे हात करून सांगितले : रुळांच्या मध्यापासून फलाटाची कड बरोबर तीन हात. आबासाहेब पाटलांनी बैलगाड्या दिल्या, सटवाजीने दगड घडवले. दोन महिन्यांत फलाट उभा राहिला; एका टोकाला उतार झाला, दुसऱ्या टोकाच्या पायऱ्या तेवढ्या राहिल्या.

तपासणीला चार दिवस उरले असताना रुळांच्या टोळीचा मुकादम भुजंग लाकडी चौकट घेऊन आला. ही डब्याच्या मापाहून डुलण्यापुरती रुंद केलेली चौकट रुळांवरून ढकलत न्यायची, ती कुठेही अडता कामा नये. ती पहिल्याच दगडाला अडली. पुढच्यालाही. कड चार बोटे रुळांकडे आत आली होती.

सटवाजीने पुन्हा मापले. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. असे तीन, बिनचूक. मग मास्तरांनी आपला हात लावला, तर कड तीन हातांना कमी भरली. भुजंगाने सटवाजीचा उजवा पंजा उचलून पाहिला.

"मामा, ह्या मधल्या बोटाचं पेर कुठं हाय?"

ते दहा वर्षांपूर्वी हातोड्याखाली गेले होते. त्यानंतर सटवाजीने याच हाताने विहिरी बांधल्या, देवळाचा ओटा बांधला. कुठेच काही बिघडले नाही, कारण सगळे काम एकाच हाताच्या मापाचे होते. गाडी मात्र दुसऱ्याच मापाने घडलेली होती.

पाटील म्हणाले, रोज गाडी जाते, कुठे घासते का? तपासायला येणाऱ्या साहेबाची मर्जी सांभाळू. भुजंगाने सांगितले की भरलेला डबा डुलतो, आणि दारात उभ्या माणसाचा गुडघा साहेबाची मर्जी बघत नसतो. सटवाजीने खाली बसून अडलेला दगड चाचपला. मग उठला.

"पाटील, इतके दिवस गाव माझ्या मापानं चाललं. आता मी गाडीच्या मापानं चालतो. दगड काढायलोय."

"बोट तुझं तुटलं अन् कंबर आमची तुटायली," असे म्हणत पाटलांनीच पहिली पहार आणायला सांगितली.

पण आता मापायचे कशाने? तानुबाईने आपली बाभळीची काठी पुढे केली.

"हिच्यावर खूण करा. ही झिजली तरी खालून झिजती."

भुजंगाने रेल्वेच्या फितीने वरच्या टोकापासून हात मोजला आणि काठीवर खाच पाडली. चार दिवस ती काठी फलाटावर राहिली आणि तानुबाई भिंत धरून घरात वावरली. ऐंशी दगड निघाले, मागे सरले, पुन्हा बसले. प्रत्येक दगडाला सटवाजी तीनदा काठी लावी; दुसऱ्या कोणाला लावू देत नसे. आपला हात त्याने जणू पाठीशी बांधून ठेवला होता.

तपासणीच्या सकाळी साहेबांनी चौकट या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. ती कुठेच अडली नाही. त्यांनी कागदावर सही केली, आणि दुपारची गाडी फलाटाला लागली.

तानुबाई सटवाजीच्या खांद्याला धरून कडेपर्यंत आली. तिथे तिने खांदा सोडला, डब्याच्या दाराची दांडी धरली आणि एका पावलात आत गेली. सटवाजीने खिडकीतून काठी पुढे केली. तिने ती परत सारली.

"म्हायेरी धरायला भाऊ हाय माझा. तुमाला पलीकडं पायऱ्या बांधायच्यात न्हवं? मग ठेवा. तुमच्या हाताचा भरवसा न्हाई."

गाडी हलली. सटवाजी काठी घेऊन फलाटाच्या टोकाकडे, पायऱ्यांच्या जागेवर गेला.