मुठ्याची बेगमी

मोठे साहेब येणार ते नेमके भर दुपारी, हे कळलं आणि डोंगरावरचे प्राणी मोजणाऱ्या मोजणीबाई वैतागल्या. दुपारी मुठ्या कधीच दर्शन देत नसे.

मुठ्या म्हणजे बिनशेपटीचा, मुठीत मावेल एवढा डोंगरी ससा. खाली ऊन वाढत गेलं तसे त्याचे भाऊबंद सरकत सरकत या दगडांच्या राशीत येऊन राहिले. कड्यावरून कोसळलेली ही रास, आणि तिच्या पोटात पणजोबांच्याही आधीचं बर्फ दडलेलं. पायथ्याच्या फटींतून वारा असा गार यायचा, की मुकादमाची एक शिंक आत आठ दिवस गोठून बसली आणि मग सावकाश बाहेर आली, असं मजूर शपथेवर सांगत.

रस्त्याला दगड हवा होता. साहेबांनी आज सही केली की उद्या रास फोडायची. आत कुणी राहतं, हे बाईंना आजच दाखवायचं होतं.

साहेब उतरले. मुकादमाने पुढे होऊन गुच्छ दिला.

"बाई, कुठाय तुमचा भाडेकरू?"

"आत आहे साहेब. त्याला ऊन सोसत नाही."

"मलाही सोसत नाही. आलो ना मी?"

बाईंनी फटीत सोडलेला तापमापक काढून दाखवला. बाहेर सव्वीस, आत दोन.

"बिघडलाय हा."

"मग हात घाला."

साहेबांनी हात घातला आणि चटका बसल्यासारखा बाहेर ओढला. "आत बर्फ ठेवलंय काय?"

"ठेवलंय, पण मी नाही."

"साहेब, मी दूध इथेच ठेवतो," मुकादम कौतुकाने म्हणाला. "चार दिवस नासत नाही."

"मुकादम, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"दुधाच्या."

"गारवा पटला," साहेब म्हणाले. "पण कागदावर गारवा चालत नाही. राहणारा दाखवा. आणि हा गुच्छ सावलीत ठेवा, कोमेजतोय. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस आहे, घरी न्यायचाय."

बाईंनी गुच्छ फटीजवळ ठेवला आणि नकाशा दाखवायला साहेबांना गाडीकडे नेलं. दहा मिनिटांनी परत येऊन बघतात, तर दगडावर नुसती रिबीन.

साहेबांनी मुकादमाकडे बघितलं.

"मी फुलं खात नाही साहेब."

तेवढ्यात आतून "चीं" असा आवाज आला. बाईंनी बॅटरी मारली. आत गवताची गंजी, एखाद्या नेटक्या सुनेने रचावी तशी, आणि वर साहेबांची फुलं वाळत घातलेली. शेजारी मुठ्या, तोंडात शेवटचं फूल आडवं धरून, जाड्या मिशीच्या हवालदारासारखा रोखून बघत होता.

"हिवाळ्याची बेगमी," बाई हळूच म्हणाल्या. "आधी वाळवतो, मग रचतो."

साहेबांनी गुडघ्यावर बसून गंजी नीट न्याहाळली. मग कागद मागवला. 'वस्ती आहे का?' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आहे. चांगली थाटलेली.'

"मुकादम, दगड खालच्या खाणीतून आणा."

"लांब पडतं, साहेब."

"आणि रास फोडल्यावर दूध कुठे ठेवाल?"

मुकादमाने दुधाची किटली फटीत आणखी आत सरकवली.

गाडीत बसताना साहेबांनी विचारलं, "आता घरी काय सांगू?"

"खरं तेच सांगा," बाई म्हणाल्या.

"सशाने गुच्छ पळवला म्हणून? बाई, अठ्ठावीस वर्षं संसार केलाय मी."

तरी रिबीन त्यांनी जपून खिशात घातली. पुरावा म्हणून.