समर्थकाची सही

पिनेचा एक पाय पुरता वळला नव्हता. पान उलटताना तो अंगठ्याला टोचला आणि मर्विनने, जणू वाचणं थांबवायला तेवढंच निमित्त हवं होतं, कागद टेबलावर ठेवले. चौदा पानं. कोपऱ्यात तिरकी मारलेली पिन – टॅमसिन नेहमी अशीच मारते, घाईत, दुसरीकडे बघत. वर तिचं नाव, टॅमसिन ओकली. त्याखाली, सनदी गणितज्ञ या पदासाठी अर्ज. आणि शेवटच्या पानावर एक मोकळी चौकट. तिथे समर्थक म्हणून मर्विन प्रोबर्टची सही व्हायची होती. आज पाचच्या आत. त्यानंतर आलेले अर्ज गणितज्ञांची संस्था सहा महिने बाजूला ठेवते, आणि टॅमसिनला जिथे बढती हवी होती तिथे सहा महिने कुणी थांबणार नव्हतं.

त्याने चौथा रकाना पुन्हा वाचला. 'ज्यात गणिती निर्णय तुमचा स्वतःचा होता, असं एक काम.' आणि त्याखाली, तिच्या आखूड, नेटक्या वाक्यांत – लिडब्रिज.

लिडब्रिज! एकतीस वर्षं तो श्रूजबरीतल्या या कचेरीत, याच दुसऱ्या मजल्यावर, पुरांचे हिशेब करत आला होता. शंभर वर्षांतून एकदा येणारं पाणी किती चढेल, भिंत किती उंच हवी. त्यातलं बहुतेक काम कुणीही केलं असतं. लिडब्रिज मात्र नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या नोंदी, आणि प्रत्येक मोठा पूर चार मीटर सत्तरच्या आसपास येऊन थबकलेला; आलेखावरचे ठिपके वरच्या टोकाला एकमेकांना खेटून उभे, बंद दारापुढे माणसं उभी राहावीत तसे. आधीच्या सगळ्यांनी तिथे वक्ररेषा आडवी केली आणि लिहिलं – ही नदी याहून वर चढत नाही. गावासाठीची भिंतही तेवढीच ठरली होती. नदी थांबत नाहीये, ती मागून जातेय, हे मर्विनने म्हटलं होतं. वरच्या अंगाला काठ बुटका आहे. पाणी तिथून फुटतं, कुरणातून वळसा घेतं आणि काठावरच्या पाणीमापकाच्या पाठीमागून निघून जातं. मापक बिचारा समोरून गेलेलं तेवढंच मोजतो. भिंत साठ सेंटिमीटरने वाढली. भिंतीमागे दोनशे दहा घरं.

आणि इथे लिहिलं होतं : 'लिडब्रिजच्या नोंदींतली कमाल पातळी ही नदीची नव्हे, मोजणीची मर्यादा आहे, हे मी दाखवून दिलं.' त्याचं नाव सबंध रकान्यात एकदाच. गटप्रमुख एम. प्रोबर्ट यांच्या देखरेखीखाली.

देखरेख... रस्त्याच्या कामावर मुकादम करतो ती.

"काय राजा, चेहरा का असा? आंबलेलं दूध पडलं की काय चहात?" ग्लेनिसने कप ठेवता ठेवता विचारलं. बाविसाव्या वर्षापासून ती या कचेरीचं टपाल, किल्ल्या आणि भांडणं सांभाळत आली होती.

"काही नाही. वाचतोय."

"पोरीचा अर्ज ना? कर की सही, आणि सोड एकदाचं. सकाळपासून तीनदा जिन्यापर्यंत जाऊन आलीये ती. बाळंतपणाला बायको आत असल्यासारखी!"

तो हसला. हसू आलं याचंच त्याला नवल वाटलं.

तीन वर्षं मागे लागला होता तो तिच्या. खालच्या उपाहारगृहात, चीज आणि लोणच्याच्या सँडविचवर, ती म्हणायची, "नावापुढे चार अक्षरं लावून काय मिळणार मला? पगार वाढणार?" आणि तो सांगायचा – पगार नाही वाढत. मग तो एकोणीसशे अठ्ठ्याण्णवची गोष्ट सांगायचा, तेव्हाचे साहेब आकडा खाली आणा म्हणून अडून बसले होते, ग्राहकाला स्वस्तातली भिंत हवी होती, आणि मर्विनने संस्थेची आचारसंहिता त्यांच्या टेबलावर ठेवली होती. हा आकडा माझ्या नावावर जाणार नाही. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं होतं, आणि आकडा तसाच राहिला होता. "नोकरी त्यांची असते, टॅमसिन, सनद आपली. ती काढून घ्यायची झाली तर गणितज्ञच घेतील, साहेब नाही." शिवाय संस्थेच्या बर्मिंगहॅमच्या शाखेतल्या सभा, 'पण उत्तर काय ते सांगा' असं जिथे कुणी म्हणत नाही, अशी ती एकच खोली. दरवर्षी नवं काय शिकलो याची नोंद द्यावी लागते, त्यामुळे माणूस गंजत नाही. हे सगळं तो मनापासून सांगायचा. ज्या घरात आपलं बरं झालं त्या घराबद्दल सांगावं, तसं.

आणि पहिला मसुदा त्यानेच वाचला होता. त्यात लिडब्रिज नव्हतं. "इतकी लाजू नकोस," त्याने समासात लिहिलं होतं, "स्वतः केलंयस तेवढंच लिही, पण सगळं लिही." म्हणजे दार त्यानेच उघडून दिलं होतं. चोर आत शिरला तेव्हा दिवाही मर्विननेच धरला होता... चोर हा शब्द मनात आला आणि त्याला स्वतःची शिसारी आली. तरी तो मागे घ्यावासा वाटेना.

सव्वातीनला ती स्वतःच आली. हिरवा स्वेटर, हातात रिकामा कप, उगाचच आणलेला.

"झाली?"

"चौथा रकाना, टॅमसिन."

"लांबला का? शब्द मोजलेत मी."

"लिडब्रिज तुझं काम होतं?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत चोरटेपणा असता तर सोपं झालं असतं. तिथे फक्त थोडा गोंधळ होता, आणि मागोमाग थकवा.

"मग कुणाचं, मर्विन?"

"फळ्यावर हिशेब कुणी मांडला? कुरणातून किती पाणी जातं, ते कुणी काढलं?"

"तुम्ही. दोन दिवस लागले तुम्हाला. पण पाणी कुरणातून जातं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" तिने कप टेबलावर ठेवला. "कुंपणात अडकलेलं गवत मला दिसलं होतं. मापकापासून दोनशे मीटर मागे, कमरेएवढ्या उंचीवर. तुम्ही गाडीत होतात. फोनवर. मी घेऊन आले ते, तुम्हाला दाखवायला."

"मी कुंपणापाशी होतो."

"नंतर आला असाल. मला आठवत नाही."

"आणि देखरेख? एकतीस वर्षांनंतर मी देखरेख करणारा?"

"मग काय लिहू? तुम्ही सांगा तेच लिहिते. खरंच. आत्ता बदलते." आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "फक्त ते गवत काढायला सांगू नका."

ती गेली. कप तिथेच राहिला.

खोटं बोलतेय. नाही – खोटं नव्हे, तिने स्वतःला पटवून घेतलंय, माणसं घेतात. वर्षभर एखादी गोष्ट मनात घोळवली की ती आपल्याच हातून घडल्यासारखी वाटू लागते. तरुण माणसांना तर लवकरच. त्याला ते कुंपण स्पष्ट दिसत होतं. काटेरी, पानं झडलेलं; आणि त्यात एका दिशेने विंचरल्यासारखं बसलेलं गवत, पूर ओसरल्यावर राहतं तसं. 'मी कुंपणापाशी उभा होतो आणि एकदम लक्षात आलं...' किती वेळा सांगितलं असेल! वाक्य तोंडात बसून गेलं होतं.

फोन होता, हे खरं. भावाचा, अलेडचा. आईला वृद्धाश्रमात ठेवायचं की नाही, यावरून अर्धा तास. काचा धुरकटल्या होत्या, गाडीतला हीटर चालू होता आणि ओल्या लोकरीचा वास... ओली लोकर कुणाची? तो बाहेर पडला नव्हता तर ओलं कोण झालं होतं? आणि गवत, आता त्याने थांबून पाहिलं तर, गवत गाडीतल्या समोरच्या फळीवर होतं, काचेखाली, पार्किंगच्या चिठ्ठीशेजारी, हीटरच्या वाऱ्यात हलकेच थरथरत, चिखल वाळून पांढरा पडत चाललेला. हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण कुंपणातलं गवत प्रत्येक वेळी हुबेहूब तसंच दिसायचं, चित्रातल्यासारखं, आणि हे फळीवरचं मात्र हलत होतं.

तरी फोननंतर तो उतरला असेल. उतरलाच असणार. आणि फळ्यावरचे ते दोन दिवस तर निर्विवाद त्याचे. गवत काय, कुणालाही दिसेल. कुणालाही? चव्वेचाळीस वर्षं त्या कुंपणाजवळून माणसं गेली होती.

बर्मिंगहॅमच्या शाखेत त्याने लिडब्रिजवर व्याख्यान दिलं होतं. शनिवारची दुपार, चाळीसेक माणसं, चहा आणि बिस्किटं. मापक बिचारा, यावर लोक हसले, हवे तिथेच हसले. कुंपणापाशी तो एकटाच उभा होता, व्याख्यानात तरी. तिसऱ्या रांगेत टॅमसिन बसली होती, मांडीवर कोट घेऊन, त्याची पाहुणी म्हणून. शेवटी तिने टाळ्या वाजवल्या. परतताना, टेलफर्ड गाव मागे पडल्यावर, तिने विचारलं होतं, "सभासद व्हायचं तर काय करावं लागतं?" त्याला इतका आनंद झाला होता की एक वळण चुकलं. सोमवारी तो ग्लेनिसला म्हणाला होता, आली बघ पोरगी, शेवटी माझ्या बोलण्याने आली.

बोलण्यानेच आली होती. कुठल्या बोलण्याने, उपाहारगृहातल्या की व्याख्यानातल्या, एवढंच त्याने कधी विचारलं नव्हतं.

चार वीस. पेनाचं टोपण त्याने काढलं आणि चौकटीवर हात आणून धरला. दुपारचा तो राग त्याला हवा होता, स्वच्छ, एकाच नावाचा. आणि राग गेलाही नव्हता. तिने विचारायला हवं होतं. एकदा तरी, आधी, येऊन विचारायला हवं होतं... पण हे तो कुणाच्या वतीने म्हणतोय, ते त्याचं त्यालाच कळेना. तो पुन्हा पहिल्यापासून आठवू लागला – मी कुंपणापाशी उभा होतो – आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिसऱ्या रांगेतून कुणीतरी टाळ्या वाजवू लागलं, सावकाश, सभ्यपणे, आणि थांबेचना.