भुरीचे वाळे

दर महिन्याच्या पाच तारखेला माझे हात सुरतेत, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये साड्यांच्या घड्या घालत असतात आणि जीव असतो शहाद्याकडच्या आमच्या गावी, अंगणवाडीच्या वजनकाट्यावर. त्या दिवशी माझ्या भुरीचं वजन होतं.

भुरी चौदा महिन्यांची. सात महिन्यांची असताना मी शहाणपणा करून तिला सुरतेला आणली होती. मी कामावर आणि पोर शेजारच्या कलाबाईंकडे बाटलीच्या दुधावर. जुलाबांनी अशी वाळली की गावी नेल्यावर तिच्या आजीने मला दारातच शिव्या घातल्या. अंगणवाडीच्या सुवर्णाताईंनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी कार्डावरच्या लाल पट्ट्यात टिंब टाकलं आणि म्हणाल्या, "नूतन, ही हिरव्या पट्ट्यात येईपर्यंत मी तिला हलवू देणार नाही."

ताईंनी शब्द पाळला. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं भरवायचं, त्यातलं दोनदा अंगणवाडीत, त्यांच्या डोळ्यांसमोर. खिचडी, अंडं, मऊ केलेली उसळ. टिंब लालातून पिवळ्यात आलं. इथे मी घरबसल्या साड्यांना टिकल्या लावायचं काम ठरवून ठेवलं, म्हणजे या वेळी पोर माझ्याच हातून जेवेल. आता अडलं होतं ते फक्त हिरव्यासाठी.

दिवाळीला गेले तेव्हा तिच्यासाठी वाळे नेले. चांदीचे कुठले, बाजारातले पांढऱ्या धातूचे, पण घुंगरांनी भरगच्च. भूपेंद्र, माझा नवरा, हातात तोलून म्हणाला, "ह्या तं बैलना गळामा शोभतीन!" हसू दे. खरं सांगायचं तर ते मी माझ्यासाठीच घेतले होते. रोज संध्याकाळी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फोन भुरीच्या पायाशी धरतात. ती पाय आपटते, छुमछुम वाजतं आणि दिवसभराचा शीण उतरतो. भुरी काही बोलत नाही अजून. माझं आणि तिचं बोलणं तेवढंच.

या पाच तारखेला दुपारी आत्याबाईंचा फोन आला. आवाज आनंदाने फुटला होता. "पोर हिरवामा उनी वं, नूतन! सात किलो साडेचारशे!"

हिरवा पट्टा सात किलो चारशेला सुरू होत होता. मी मिलमध्ये सगळ्यांसमोर रडले. भूपेंद्रने शनिवारच्या गाडीची दोन तिकिटं काढली. मी खोलीत आडव्या बांबूला जुन्या साडीची झोळी बांधून टाकली.

संध्याकाळी सुवर्णाताईंनी वजन घेतानाचा व्हिडिओ पाठवला. काट्यात बसलेली भुरी, अंगात लांब फ्रॉक, पायात गुडघ्यापर्यंत लोकरीचे मोजे. मी तो दहा वेळा पाहिला. दहाव्यांदा डोळे मिटून नुसता ऐकला.

छुमछुम.

मोज्यांच्या आत वाळे होते.

आत्याबाईंना विचारलं, तर त्या बावरल्या. "उघडं पोर काटावर ठेवतस का? सारा गाव दखस. नजर लागी जाई ना! मीच ताईले सांगं, थंडी शे, मोजा ऱ्हाऊ द्या." त्यांचं काय चुकलं? आमच्याकडे वाढत्या पोराचं वजन चारचौघांत घेतात हेच मुळी कुणाला रुचत नाही.

मी गप्प बसू शकले असते. शनिवार दोनच दिवसांवर होता आणि त्या आकड्यात वाळ्यांचंही वजन आलंय हे मला एकटीलाच उमगलं होतं. पोर माझी, वाळे माझे. झोळीकडे नजर गेली. तिला एकदा घाईने आणून काय झालं होतं, ते आठवलं. तेव्हाही मला ती जवळ हवी होती, याच्यापेक्षा जास्त काही कारण नव्हतं.

मी ताईंना फोन लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दार लावून घेतलं आणि एका झबल्यावर पुन्हा वजन केलं. सात किलो तीनशे वीस. "पिवळ्यातच आहे गं," त्या म्हणाल्या. "पण वर सरकतेय. महिनाभर थांब." मग म्हणाल्या, "मोजे काढायला हवे होते मी."

भूपेंद्र तिकिटं परत करून आला. झोळी सोडायला लागला तेव्हा मी त्याचा हात धरला.

संध्याकाळी आत्याबाईंचा फोन नेहमीच्या वेळेला आला. "वाळा काढी ठेवात," त्या हळूच म्हणाल्या. "घालू का परत? तुले ऐकाले?"

"नको," मी म्हणाले. "हिरव्यात येईपर्यंत नकोच."

त्यांनी रोजच्यासारखा फोन भुरीच्या पायाशी धरला. मी कान लावून बसले. ती जोरजोरात पाय आपटतेय, असं त्या लांबून सांगत होत्या. मला काहीच ऐकू येत नव्हतं.