बॅगेतून बाहेर काढलेला कंडोम

मी कंडोम बोलतोय. मुरडलंत नाक? मुरडा. सिंगापूरमधल्या बुकित पंजांगच्या मॉलमधल्या औषधांच्या दुकानात मी तेच बघत होतो. दाढीचं ब्लेड घेताना माणसं इकडेतिकडे बघत नाहीत, मला उचलताना बघतात.

उत्कर्षानेही बघितलं. मग मला बास्केटमध्ये टाकून वर क्रेप बँडेज ठेवलं. तिचा नवरा निशिकांत बोटीवर इंजिनिअर. त्याची बॅग दर वेळी तीच भरते. मेतकूट, लाडू, औषधांचा डबा. या वेळी त्या डब्यात ओआरएसच्या पुड्यांखाली मी होतो.

निशिकांतला मी सापडलोच.

"तांबी आहे ना तुला? मग हे कुणासाठी?"

"महिनोन्‌महिने बाहेर असतोस. परत आलास की तांबी काढायचं ठरलंय, आपल्या गार्गीला भावंड हवंय. तेव्हा बाहेरून कसलं इन्फेक्शन यायला नको. म्हणून म्हटलं, असू दे जवळ."

"म्हणजे मी तसला वाटलो तुला?"

ती रडली. वर माफीही तिनेच मागितली! मला काढून देवघराखालच्या खणात, वातींच्या मागे ढकललं. निशिकांत देवाला नमस्कार करून ताठ मानेने निघाला. आपण किती सज्जन आहोत हे दाखवायला त्याने मला घरी ठेवलं. एवढा शिकलेला माणूस!

कॉन्ट्रॅक्ट संपवून तो परतला. त्याला काही त्रास नव्हता, मग तपासून कोण घेतो? दुखायला लागलं ते उत्कर्षाला. क्लिनिकमधून ती आली तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इन्फेक्शन आत गर्भाशयापर्यंत गेलंय. दोघांनीही औषध घ्यायचंय. आणि दुसऱ्या मुलाचं... डॉक्टर नक्की सांगत नाहीत."

निशिकांत म्हणाला, "एकदाच झालं गं."

एकदाच! अहो, मीही एकदाच वापरायचा असतो.

आता पुन्हा बॅग हॉलमध्ये उघडी पडलीय. उत्कर्षा तिच्याकडे फिरकलेली नाही. तोच कपडे कोंबतोय. काल खालच्या आवाजात त्याने विचारलं, "ते पाकीट कुठंय?"

उत्कर्षाने खण उघडून मला हातात घेतलं. मला वाटलं, चला, निघालो एकदाचा बोटीवर.

"तुझं तू विकत घे," ती म्हणाली. "हे मला लागेल. तू परत येशील तेव्हा."

तिने मला स्वतःच्या उशीखाली ठेवलं.

तुमचीही बॅग कुणी मायेने भरत असेल, तर मला त्यातून काढू नका. त्या डब्यात मी उत्कर्षाची काळजी म्हणून गेलो होतो. या उशीखाली आता तिचा अविश्वास म्हणून पडलोय.