घरटी एक

माझे धाकटे दीर चुडामण जळगावला कॉलेजात इंग्रजी शिकवतात. शिकवतात कसलं, पोरांचा जीव खातात. कुठल्या शब्दाला एस लागतो आणि कुठल्याला नाही, यात त्यांची हयात गेली. कॉफीला एस लावला की पोरगं वर्गाबाहेर. मग त्र्याण्णव साली त्यांनी नवी डिक्शनरी आणली, तर तिच्यात ‘टू कॉफीज’ चालतं म्हणे. झालं. तेव्हापासून नवं तुणतुणं, "वहिनी, नियम बदलले. जे मोजत नव्हतो, ते आता मोजायचं."

ही अक्कल त्यांनी माझ्या लेकीच्या, बेबाच्या लग्नात पाजळली. लग्न पारोळ्याजवळ आमच्या गावात, वऱ्हाड धुळ्याचं. शिकलेला माणूस म्हणून आवतणं द्यायचं काम त्यांच्याकडे. आमच्यात आवतण असतं चूलबंद. त्या दिवशी कुणी घरात चूल पेटवायची नाही, लहानथोर बठ्ठे मांडवात जेवायला. किती येणार, हे विचारायचंसुद्धा नाही. आणि हा शहाणा दारोदार सांगून आला, घरटी एक माणूस पाठवा. आचाऱ्यालाही आकडा त्यांनीच दिलेला. मला पत्ता नाही.

लग्नाच्या सकाळी मांडवातून बघते तर गल्लीभर धूर. घरोघरी चूल पेटलेली. तासाभरात वऱ्हाड येणार आणि मांडव रिकामा. तुझ्या बापाला गावात कुत्रं विचारत नाही, हे बेबाला सासरी जन्मभर ऐकावं लागलं असतं.

तशीच धावले. शेजारच्या धुरपदाअक्का भाकरी थापत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "तुना दीर सांगी गया, घरटी एक. मन्हा घरमाईन कोनी येवानं? मी, का म्हतारानी?"

मी त्यांचे पाय धरले. "अक्का, दिरानं माती खाल्ली. शिक्षा माझ्या लेकीला नको."

अक्कांनी चुलीवर पाणी ओतलं. झालेल्या भाकरी टोपलीत घेतल्या आणि गल्लीतल्या दारोदार हाक दिली. तासाभरात मांडव भरला. पंगतीत वरण-बट्टीतल्या बट्ट्या संपल्या, तेव्हा घरोघरच्या भाकरी फिरल्या. विहीणबाई म्हणाल्या, गावाचा तुमच्यावर जीव आहे बाकी. मी पदराने डोळे पुसले.

शेवटच्या पंगतीला चुडामणभाऊ बसले, ताट पुढे ओढून. वाढता वाढता अक्का त्यांच्यापाशी थांबल्या.

"तुमनी बायको जेवनी का?"

"हो, मघाशीच."

"मंग झायं," म्हणत अक्कांनी टोपली उचलली आणि पुढच्या ताटाकडे गेल्या. "घरटी एक."