थोरल्याची अंडी

मावशीच्या कारखान्यात पाय बनत. हातही बनत, पण मागणी पायांना जास्त. भिंतीला ओळीने पाय टेकवून ठेवलेले असत, आणि नवा कुरिअरवाला आला की दारातच थबकून विचारी, "बाकीची माणसं कुठायत?"

प्लास्टरच्या खोलीत, म्हणजे सगळ्यात थंड खोलीत, काचेची एक टाकी होती. तिच्यात दोन ॲक्सोलॉटल. वरच्या मजल्यावरचा भाडेकरू जागा सोडताना "दोघे भाऊ आहेत, स्वभावाने गरीब आहेत, फक्त पाणी थंड लागतं," एवढं सांगून टाकी ठेवून गेला, तो गेलाच. दिसायला म्हणाल तर पाण्यातून बाहेर यायचा कंटाळा केलेला सरडा. मानेभोवती पिसांसारखे गुलाबी कल्ले, आणि तोंडावर आत्ताच कुणीतरी विनोद सांगून गेल्याचा भाव. मोठ्याला थोरला म्हणत, लहानाला धाकटा. थोरला हल्ली फार सुटला होता. मावशीने त्याचं खाणं अर्ध्यावर आणलं, तरी तो सुटतच गेला.

"बैठं काम," मावशी म्हणाली आणि विषय संपवला.

एका सकाळी भाची प्लास्टर कालवायला आत गेली आणि ओरडली, "मावशी, टाकीत रेझिन कुणी उडवलं?"

"तूच उडवलं असशील. ब्लेडने काढ."

काचेवर, दगडावर, पाणवनस्पतीच्या प्रत्येक पानावर पारदर्शक थेंब चिकटले होते. भाचीने बाही वर करून एक थेंब खरवडला आणि बोटावर घेतला. तो मऊ होता. आत मधोमध एक काळा ठिपका. साच्यावर ओतलं की घट्ट होणाऱ्या त्या रेझिनमध्ये बुडबुडे राहतात, भाचीचे तर फारच राहत, पण इतका नेमका मधोमध बुडबुडा तिच्या हातून जन्मात राहिला नसता.

दोघींनी थोरल्याकडे पाहिलं. थोरला एकदम सडपातळ झाला होता. धाकटा कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे बघत होता.

"थोरला बाळंत झालाय," भाची म्हणाली.

मावशी मटकन स्टुलावर बसली. "आणि आपण त्याला डाएटवर ठेवलं गं!"

लोकांच्या पायांची मापं केसभर चुकू न देणाऱ्या त्या दोघींनी घरातल्या प्राण्याला एकदाही खालून पाहिलं नव्हतं.

आई-बाप अंडी खातात म्हणे, म्हणून ती वेगळी काढायला हवी होती. मावशी म्हणाली, टाकून दे, पिल्लं काढणं हा आपला धंदा नव्हे.

"पाय असलेलं काहीतरी बनतंय," भाची म्हणाली. "म्हणजे धंद्यातलंच आहे."

मावशीने वरची फळी मोकळी करून दिली.

भाचीला तेव्हा लक्ष दुसरीकडे लावायला काहीतरी हवंच होतं. तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीने बनवलेला पहिला पाय कोपऱ्यात उभा होता. तो ड्रायव्हरकाकांचा. एक पाय गुडघ्याखालून गेलेले हे काका दर दोन-चार दिवसांनी कुबड्यांवर येत, पाय घालायला नकार देत, चहा पीत आणि जात. "ह्या ठोकळ्याला ब्रेक कळत नाही," म्हणत. नकार द्यायला एवढं नियमित येणारं गिऱ्हाईक मावशीने पाहिलं नव्हतं. वर्षअखेरपर्यंत त्यांनी पाय नेला नाही तर तो सुटा करायचा, पाऊल दुसऱ्या कुणाला लावायचं, असं तिने सांगून ठेवलं होतं. भाची हो म्हणाली होती आणि मग मोरीत जाऊन उगाचच हात धूत बसली होती.

अंडी बघायला तिने भिंगाचा दिवा लावला. या दिव्याखाली सॉकेट तपासतात, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो त्या कपाला कुठे तडा आहे का ते बघतात. ठिपक्याला घेवड्याच्या बीचा आकार आला होता. मग बी वाकली. मग तिला एका बाजूला डोकं आणि दुसऱ्या बाजूला शेपूट आली, कुणी न सांगता. आणि एक दिवस, गळ्याशी, काहीतरी लुकलुकायला लागलं. भाचीला आधी वाटलं दिवाच फडफडतोय. दिवा ठीक होता. ते काळीज होतं. मोहरीएवढंही नाही, पण कामाला लागलेलं.

हातातल्या वाटीतलं प्लास्टर तसंच राहिलं आणि चमच्यासकट घट्ट झालं.

"लक्ष कुठाय तुझं?" म्हणत मावशी आपली वाटी घेऊन आली, भिंगात वाकली आणि वाकलेलीच राहिली. त्या दिवशी कारखान्यात दोन वाट्या दगड तयार झाला.

पिल्लं बाहेर आली ती पापणीच्या केसांएवढी, आरपार दिसणारी. पोटात काय चाललंय ते सगळ्या जगाला उघड. हलेल तेच खायचं, हा त्यांचा बाणा. म्हणून मिठाच्या पाण्यात बारीक झिंगे उबवायचे, ते गाळायचे, आणि थेंबनळीने एकेकाच्या नाकासमोर सोडायचे. मग पुढचे पाय फुटले, नंतर मागचे, आणि पाय फुटल्याबरोबर त्यांनी एकमेकांचे खायला सुरुवात केली. भाचीने रेझिन मोजायचे सगळे पेले काढून प्रत्येकाला स्वतंत्र बिऱ्हाड दिलं. एकाचा पुढचा पाय मात्र तोवर खांद्यापासून गेला होता. त्याचा पेला तिने फळीच्या टोकाला, कानशींच्या डब्यामागे सरकवला. काकांना तो दिसायला नको होता.

काकांना तोच दिसला.

"हा का मागे? नापास झाला?"

काका एका कुबडीवर तोल सांभाळत वाकले. बराच वेळ वाकले.

"कुणी खाल्ला?"

"भावाने."

"जमिनीचा वाद असणार," काका म्हणाले. पण हसले नाहीत. "आता?"

भाचीला खोटं बोलता येईना. "पाय परत येतो म्हणे. अख्खा."

काका निघून गेले. चहासुद्धा घेतला नाही. संपलं, भाचीला वाटलं. कोपऱ्यातला पाय आता सुटाच करायचा.

दुसऱ्या दिवशी काका कारखाना उघडायच्या आधी दारात. "दाखव."

खांद्याशी फिकट कोंब आला होता.

मग ते रोज येऊ लागले. तीन-चार आठवड्यांनी म्हणाले, त्या एकाला आता मीच भरवणार. पण एका हातात बॅटरी, दुसऱ्यात थेंबनळी, आणि कुबड्या धरायला तिसरा-चौथा हात आणायचा कुठून? काकांनी कुबडी काखेत दाबून बघितलं. ती सटकली, कोपर फळीला लागलं आणि पेला आडवा. पिल्लू टेबलावरच्या थारोळ्यात वळवळत होतं. भाचीने चमच्याने उचलून त्याला पाण्यात सोडलं. ते तळाला बसलं. हलेना. काका भिंतीला धरून उभे, तोंड पांढरं. मग कल्ले एकदा फडकले.

"मेलो असतो मी," काका म्हणाले. खुर्चीत बसले, घाम पुसला. आणि कोपऱ्याकडे न बघता म्हणाले, "आण तो ठोकळा."

"ठोकळा नाहीये तो."

"आण गं बाई, नाव मग ठेवू."

भाचीने पट्टा दोनदा उलटा लावला, शेवटी मावशीला यावं लागलं. काका फळीला धरून उठले. एक हात सोडला. दुसरा सोडला. रिकाम्या हातांकडे त्यांनी जरा संशयाने पाहिलं, मग एकात बॅटरी घेतली, दुसऱ्यात थेंबनळी.

उजेड पेल्यात उतरला. कोंबाचा आता पाय झाला होता, काचेतून काढल्यासारखा. कोपर होतं. बोटंही होती, चार, धाग्यासारखी. आत रक्त चालत होतं, एकेक कण जाताना दिसत होता. ना माप, ना साचा, ना कानस. भाचीला या एवढ्यासाठी महिने लागले होते, आणि तरी आत काहीच वाहत नव्हतं. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण तोंड उघडं टाकून बघत राहण्यापलीकडे काही जमेना.

"बापरे," काका हळूच म्हणाले. मग, नजर न काढता, "पोरी, इथं नडगीला टोचतंय."

इतक्या दिवसांत त्या पायाबद्दलची ही पहिली तक्रार. ज्याला पाय नकोच असतो तो कुठे टोचतं ते सांगत नाही. भाची पेन्सिल घेऊन जमिनीवरच बसली.

"इथं? नीट उभे राहा काका, हलू नका."

"मी कुठे हलतोय," काका म्हणाले. "तो चालतोय बघ."